हँडओव्हरच्या आधीचा घास

मिरकाब, कुवेत
४ मार्च १९९०

प्रिय श्री. विश्वास यांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि चि. रसिकाने काढलेलं आपल्या घराचं चित्र मिळालं. चित्रात आई घराएवढी मोठी दाखवलीय, ती तुमच्या सांगण्यावरून की तिच्या मनाने, तेवढं कळवा. तिचं फार चुकलेलं नाही म्हणा. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात सगळ्या स्टाफची तपासणी झाली आणि माझ्या रक्तात साखर निघाली. चांगली भरपूर निघाली. लगेच लिहिणार होते, पण हात धजेना. माझ्या आईचा पाय साखरेने कापावा लागला होता. ती पांढरी पट्टी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी आणि दिवसाला बाराशे कॅलरी असं बांधून दिलंय. दहा किलो उतरले तर पुढचं बघू म्हणाले. आहाराचा तक्ताही दिला. आठला नाश्ता, एकला जेवण, रात्री आठला जेवण. तक्ता छान आहे, पण तो रात्री झोपणाऱ्या माणसांसाठी आहे. मी सकाळी आठला कधी उठते, कधी निजते आणि कधी ड्यूटीवरून येऊन नुसती बसते. दोन दिवस सकाळपाळी, मग दुपारपाळी, मग रात्रपाळी, आणि मध्येच कुणी आजारी पडलं की सगळंच उलटंपालटं होतं.

शिवाय वॉर्डात येणारी माणसं रिकाम्या हाताने येत नाहीत. सिस्टर, एक खजूर घ्या, सिस्टर, ही मिठाई घ्या. घरी आले की ताहिरा आहेच. आमच्याच एक्स-रेमधली, राजापूरची, माझी खोलीतली जोडीदार. तिच्या हातची नारळाच्या रसातली मासळी समोर आली की मला बाराशेतला एकही आकडा आठवत नाही. मी दिवसभर काही खात नाही आणि दिवसभर खातच असते. मला भीती वाटते हो. काहीतरी उपाय सुचवा.

लोभ आहेच, तो माझं वजन कमी झाल्यावरही तेवढाच ठेवा.
तुमची,
विजया

---

मिरज
२२ मार्च १९९०

चि. सौ. विजयास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिले की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम लिहिले. चिडलीस म्हणजे हातपाय धड आहेत असं मी समजेन.

पत्र वाचून दोन रात्री झोप नाही. मग गणिताच्या मास्तराला जे येतं ते केलं. तुझं घड्याळ रोज बदलतं, हे खरं. पण तुझ्या रोजच्या दिवसात एक गोष्ट बदलत नाही. ड्यूटी कुठलीही असो, शेवटी दुसरी सिस्टर येते, तू तिला एकेक पेशंट समजावून देतेस आणि मगच वॉर्ड सोडतेस. तुमच्या भाषेत हँडओव्हर. तेव्हा तू घड्याळ विसर आणि हँडओव्हर धर. ड्यूटीला निघताना गोळी घेऊन मोजकं जेवायचं. हँडओव्हर झालं की दुसरं जेवण. मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नाही. खजूर नाही, मिठाई नाही, एक घास नाही.

तू नियम मोडण्यात पटाईत आहेस हे मला लग्नापासून ठाऊक आहे. म्हणून हे काम मी रसिकाकडे दिलंय. पुढचं तिचं.

लोभ वाढवावा, बाकी सगळं घटवावं.
तुझा,
विश्वास

आई, तुला माझ्या गळ्याची शपथ. हँडओव्हर झाल्याशिवाय काही खायचं नाही. मी गळ्याला चिमटा घेऊन घातली आहे म्हणजे ती खरी आहे. मी सुटली म्हणेन तेव्हाच सुटेल. तू दिवाळीला बारीक होऊन ये, मग मी सुटली म्हणते. बिनसाखरेचा चहा चालेल. बाबा म्हणतात दूध चालणार नाही.
तुझी रसिका

---

मिरकाब, कुवेत
६ जुलै १९९०

प्रिय श्री. विश्वास यांस,
कृ. सा. न. वि. वि.

सात किलो उतरले. युनिफॉर्म दोन्ही बाजूंनी आत घेतला. डॉक्टर विचारत होते की असं काय केलंत. त्यांना काय सांगणार, की आमच्या घरी नऊ वर्षांची एक डॉक्टर आहे. शपथ घालायची कल्पना तुमची असली तरी चिमटा तिचा आहे, आणि मला तो इथपर्यंत लागतो. खजुराचं ताट समोर आलं की मला तिचा गळा दिसतो. वेडेपणा आहे, कळतं. पण लेकरू इतकं लांब आहे, तिच्यासाठी रोज करता येण्याजोगं माझ्याकडे दुसरं काही नाही.

एक मात्र सांगून ठेवते. मागच्या आठवड्यात माझ्या जागी येणारी रिलीव्हर तासभर उशिरा आली. शेवटी शेवटी हाताला कंप सुटला, घाम फुटला, पेशंटचं नाव आठवेना. साखर उतरली की असंच होतं, मीच पेशंटना सांगत असते की अशा वेळी चटकन काहीतरी गोड तोंडात टाका. ताहिराने बिस्किट पुढे केलं, मी घेतलं नाही. ती फार रागावली. तिचं म्हणणं असं की शिकलेल्या बाईने असं करणं म्हणजे कमाल झाली. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आहे, तेव्हा तुम्ही घोर लावून घेऊ नका. फक्त आता कुणाला यायला उशीर झाला की माझा जीव घाबरा होतो.

दिवाळीची रजा मंजूर झाली. रसिकाला म्हणावं, सुटली म्हणायची तयारी ठेव.

माया असू द्या.
तुमची,
विजया

---

मिरज
२४ ऑगस्ट १९९०

ती. सौ. योगिनीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पुण्याहून आलेलं पत्र मिळालं. नाही, विजयाची काहीच खबर नाही. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या त्या दिवसापासून फोन नाही, तार घेत नाहीत, पत्र घेत नाहीत. मी रेडिओला कान लावून असतो आणि रेडिओ तेच ते सांगतो. विमानाने माणसं परत येऊ लागली आहेत. परवा सांगलीतलं एक कुटुंब आलं, त्यांच्याकडे धावलो. ते म्हणाले, हॉस्पिटलातल्या बऱ्याच सिस्टर निघून गेल्या, ज्या राहिल्या त्या दिवस-दिवस बाहेर येत नाहीत.

ताई, शेजारी-पाजारी मला बॉम्बबद्दल विचारतात. मला बॉम्बची भीती वाटते, पण त्याहून मोठी भीती आहे ती कुणाला सांगताही येत नाही. हँडओव्हर झाल्याशिवाय खायचं नाही हा नियम मी केला आणि रसिकाला शपथ घालायला लावली, ते तुला ठाऊक आहे. तू तेव्हा हसली होतीस. आता सांग, दुसरी सिस्टर आलीच नाही तर हँडओव्हर कुणाला करायचं? ती गोळी घेईल, कारण गोळी चुकवायची नाही म्हणून सांगितलंय. आणि शपथेपायी खाणार नाही. एरवी तिने मोडलीही असती. पण घाबरलेली विजया मला माहीत आहे. घाबरली की ती जे हातात असेल ते घट्ट धरून बसते.

रसिकाला कसं कोण जाणे, हे समजलंय. काल शाळेतून आली आणि गच्चीवर जाऊन मोठ्याने सुटली, सुटली म्हणत राहिली. मी तिला खाली आणलं. तिने विचारलं की आईला ऐकू गेलं असेल का. 

भावजींना म्हणावं, मुंबईला विमानतळावर कुणी ओळखीचं असेल तर कळवा. आता तुमचाच आधार आहे.
तुझा,
विश्वास

---

मिरज
१३ सप्टेंबर १९९०

ती. सौ. योगिनीताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. रसिकाला टायफॉइड झाला आहे. चार दिवस ताप होता, आम्ही साधाच समजलो. ११ तारखेला, मंगळवारी दुपारी ती बडबडायला लागली, मला ओळखेना. उचलून हॉस्पिटलात आणली. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि आजची रात्र जाऊ दे, एवढंच म्हणाले. ती रात्र गेली. आज तिने पाणी मागितलं आणि मला बाबा म्हणून हाक मारली. धोका पुरता टळलेला नाही, पण कमी झालाय.

तुला एक गोष्ट लिहितो, वाचून फाडून टाक. मंगळवारी बाकावर बसलो असताना माझ्या मनात आलं की तिकडे विजयाने शपथ मोडली असेल. मी, आयुष्यभर मुलांना सिद्ध केल्याशिवाय काही मानू नका म्हणून सांगणारा माणूस. आणि लगेच दुसरं आलं की नाही, तिने मोडली नसेल, ती उपाशी पडली असेल आणि इकडे हे त्याचंच फळ. दोन्हीकडून एकच उत्तर येत होतं. मी उठून नळाखाली डोकं धरलं.

तुला जमलं तर ये.
तुझा,
विश्वास

---

मिरकाब, कुवेत
१६ सप्टेंबर १९९०

प्रिय श्री. विश्वास यांस,
कृ. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे, आधी तेवढं वाचा. हे पत्र सर्फराजभाई आणताहेत. ताहिराच्या गावचे, इथल्या शर्क भागात त्यांचं दुकान होतं, ते लुटलं गेलं. ते उद्या जॉर्डनला, अम्मानच्या रस्त्याला लागतील. ताहिरा आणि मी नाही निघालो. आमच्या वॉर्डात वीस म्हाताऱ्या बायका आहेत आणि सिस्टर उरल्या आहेत तीन. दारात बंदूकवाले उभे असतात. रस्त्यात बस थांबवून तपासतात. रेशनमध्ये खुबूस म्हणजे इथली रोटी, डाळ आणि थोडा तांदूळ मिळतो. बाराशे कॅलरी कुठून आणायच्या हाच आता प्रश्न आहे, तुम्हाला हसू आलं तर हसा.

पण मी लिहिते आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ११ तारखेला, मंगळवारी, मी आदल्या दिवसापासून ड्यूटीवर होते. सकाळी गोळी घेतली होती. रिलीव्हर आली नाही. दुपारीही नाही. दुपारनंतर हात थरथरायला लागले, एकीच्या जागी दोन-दोन पेशंट दिसायला लागले. एका आजीचं सलाइन लावताना सुई तिसरीकडेच जात होती. मी चादरींच्या खोलीत जाऊन खाली बसले. ताहिरा साखरपाणी घेऊन आली. मी दात घट्ट मिटले. तुमची काही खबर नाही, रसिकाची नाही, आणि या सगळ्यात तिच्यासाठी मी सांभाळलेली तेवढी एकच गोष्ट होती. ती मोडली तर तिला काही होईल, असं वाटत होतं. ताहिरा रडली, ओरडली, मी ऐकेना.

मग तिने काय करावं? ती एक्स-रेवाली, वॉर्डाचं काम तिला येत नाही. पण ती माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली की मी ड्यूटीवर आले आहे, मला हँडओव्हर दे. मी म्हटलं, तू सिस्टर नाहीस. ती म्हणाली की आज इथे कोण काय आहे हे विचारणारं कोणी उरलेलं नाही, पहिल्या खाटेपासून सांग. मी सांगितलं. जीभ जड झाली होती, तरी विसावी खाट होईपर्यंत सांगितलं. तिने प्रत्येकीला हो म्हटलं. मग मी प्यायले. अर्ध्या तासाने मी उठले आणि तिने वॉर्ड मला परत दिला.

आता मला कळत नाही की मी शपथ पाळली की मोडली. खरं हँडओव्हर ते नव्हतं, हे मला ठाऊक आहे. ताहिरा म्हणते ते कबूल झालं. मला तुम्ही खरं सांगा. ११ तारखेला माझी रसिका बरी होती ना? बरी असेल तर मी समजेन की ते चाललं. आणि नसेल, तर मी पुन्हा तसं करणार नाही, कुणी कितीही समजावलं तरी नाही. गोळी सोडून पाहिली, तर साखर इतकी चढते की उभं राहवत नाही. घेतली तर उतरते. तेव्हापासून रिलीव्हर उशिरा आली की ड्रॉवरमध्ये खुबूस असतो आणि मी तो नुसता बघते. तुमचं उत्तर येईपर्यंत असंच चालणार.

जिवंत आहोत तोवर माया राहो.
तुमची,
विजया

---

मिरज
५ ऑक्टोबर १९९०

ती. सौ. योगिनीताईस,
सा. न. वि. वि.

तू इथून गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी राजापूरचे सर्फराजभाई विजयाचं पत्र घेऊन दारात उभे. माणूस स्वतःच्या घरी एक रात्र राहिला आणि इकडे निघाला. पत्र सोबत पाठवतो आहे, वाच, म्हणजे मला समजावून सांगावं लागणार नाही. तारीख बघ.

ती मंगळवारबद्दल विचारते आहे. नेमकी मंगळवारबद्दल. मी तिच्याशी आजवर एकदाही खोटं बोललेलो नाही, हे तू जाणतेस. पण खरं लिहिलं तर ती मरेल. इतकं सरळ गणित मी कधी पाहिलं नव्हतं. उत्तर जाण्याची सोय आहे. सर्फराजभाईंचा भाऊ अहमद अम्मानहून बगदाद-कुवेत ट्रक नेतो, आणि अम्मानला रिकामं जाणाऱ्या विमानावर त्यांच्या ओळखीचा एक जण आहे. पत्र पोचेल की नाही ते सांगता येत नाही, पोचायला किती दिवस लागतील तेही नाही.

मी लिहायला बसलो होतो. रसिका अंथरुणातून बघत होती. घरी येऊन आठवडा झाला, पण अजून चालताना भिंत धरते. पत्रातलं तिने सर्फराजभाईंच्या आणि माझ्या बोलण्यातून ऐकलंच होतं. तिने विचारलं की तुम्ही आईला काय सांगणार. मी म्हटलं, सांगेन की तू बरी होतीस. तर म्हणाली की आई तुमचं ऐकणार नाही, तुम्ही नेहमीच सगळं ठीक आहे म्हणता, मला लिहू दे. मुलीला मी स्वतःच्या हाताने खोटं लिहायला बसवलं, ताई. तक्क्याला टेकवून बसवली. चार ओळींना पाऊण तास लागला.

दोघींचं भलं व्हावं म्हणून तूही तिथून मागणं माग.
तुझा,
विश्वास

---

मिरज
५ ऑक्टोबर १९९०

प्रिय सौ. विजयास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र सर्फराजभाईंनी हातात दिलं. ११ सप्टेंबरला रसिका अगदी बरी होती. मंगळवार होता, सकाळी नेहमीसारखी कटकट करत शाळेत गेली. संध्याकाळी पाढे म्हटले, सतराचा चुकला. तेव्हा ताहिराने घेतलेलं हँडओव्हर चाललं असं समज. तिला माझा आणि रसिकाचा सलाम सांग. तिचे उपकार कसे फेडायचे ते मला माहीत नाही.

आता नियम मी केला होता, तो मी मोडतो. हात थरथरला की खायचं. थरथरायच्या आधीच खायचं. वॉर्डात खा, बसमध्ये खा, बंदूकवाल्यासमोर खा. पुढचं रसिका लिहिते. तिच्या उजव्या हाताचं बोट दारात चेमटलं आहे, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

ये गं लवकर. तोवर जीव सांभाळ, तो माझाही आहे.
तुझा,
विश्वास

आई, त्या दिवशी मी शाळेत गेले होते. डब्यात शिरा होता. बाई म्हणाल्या छान. मी तीनदा म्हणते, सुटली सुटली सुटली. तू जेव.
तुझी रसिका

---

अम्मान
७ जानेवारी १९९१

प्रिय श्री. विश्वास यांस,
कृ. सा. न. वि. वि.

ताहिरा आणि मी काल इथे पोचलो. विमानाला जागा मिळायला दोन-तीन दिवस लागतील, पण हे पत्र घेऊन जाणारी बाई आजच निघते आहे. वॉर्ड रिकामा झाला. काही म्हाताऱ्या गेल्या, बाकीच्यांना त्यांच्या घरच्यांनी नेलं. शेवटची खाट रिकामी झाली तेव्हा आम्ही निघालो. आता लढाई पेटणार असं सगळे म्हणतात. रस्त्यात आम्हाला सहा ठिकाणी उतरवलं.  माझी तब्येत पाहून घाबरू नका, दहाच्या जागी एकोणीस किलो उतरले आहेत.

तुमचं पत्र मला नोव्हेंबरात मिळालं. अहमदने हॉस्पिटलाच्या फाटकाशी ताहिराकडे दिलं. मी ड्यूटीवर होते, आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. तुमचं वाचलं आणि हायसं वाटलं. मग रसिकाचं वाचलं.

बोट दारात चेमटलेल्या मुलीचं अक्षर मला माहीत नाही. पण मोठ्या तापातून उठलेल्या माणसाचं अक्षर मी पंधरा वर्षं बघते आहे. डिस्चार्जच्या कागदावर ते अशीच सही करतात. पेन जड होतं, ओळ खाली खाली उतरत जाते, एक अक्षर काढून मध्येच थांबतात आणि परत धरतात. तिला शिरा आवडत नाही, तो मी आजारपणातच खाऊ घालत असे. मला कळलं की ती त्या दिवशी शाळेत गेली नव्हती. कुठे होती तेही कळलं. माझ्या हातातून कागद पडला.

 ताहिराने कागद उचलून दिला तेव्हा वरची तारीख दिसली. ५ ऑक्टोबर. त्या मंगळवारनंतर इतक्या दिवसांनी माझी मुलगी उठून बसली होती, पेन धरलं होतं आणि माझ्याशी खोटं बोलत होती. खोटं बोलण्याइतकी बरी झाली होती. मी ड्रॉवरमधला खुबूस काढला आणि तिथेच, खाटांच्या मध्ये उभी राहून खाल्ला. हँडओव्हरला अजून बराच वेळ होता. त्या दिवसापासून रोज खाते आहे.

तुम्ही तिला हे काही सांगू नका. मला कळलं आहे हे तिला कधी कळू द्यायचं नाही. मी आले की तिला त्या दिवसाच्या शाळेबद्दल विचारणार आहे. बाई काय म्हणाल्या, शेजारी कोण बसलं होतं, डबा संपला की नाही, सगळं तिने मला सांगावं. मी शेवटपर्यंत ऐकेन.

येते. तोवर तुमच्या दोघांच्या मायेत मला ठेवा.
तुमची,
विजया